खोकणारा पेशंट बाकावर बसायच्या आधी: छोट्या दवाखान्यात स्क्रीनिंग कसं लावायचं

सोमवार म्हणजे आमच्याकडे बाजाराचा दिवस, ओपीडीला नुसती झुंबड. काही वर्षांपूर्वी मी ज्या दवाखान्यात सिस्टर होते तिथे अशाच एका सोमवारी एक चाळिशीतले काका सकाळी नऊला केसपेपर काढून बाकावर बसले आणि त्यांचा नंबर लागला साडेअकराला. अडीच तास खोकत होते बिचारे, रुमाल तोंडाला धरून. शेजारी एक ताई दोन महिन्यांचं बाळ लसीला घेऊन आलेली, पलीकडे शुगरची आजी, आणि पंखा असा की या टोकाची हवा त्या टोकाला. दोन-तीन दिवसांनी थुंकीचा रिपोर्ट आला, टीबी पॉझिटिव्ह. डॉक्टरांनी अगदी बरोबर ओळखलं होतं, औषध लगेच चालू झालं, सगळं व्यवस्थित. पण ते अडीच तास कोणाच्याच हिशोबात नव्हते, केबिनमधे एन-९५ लावून बसलेल्या डॉक्टरांच्याही नाही आणि माझ्याही नाही.

तेव्हापासून माझं डोकं दारावरच अडकलंय. टीबीचं निदान, औषधं हे सगळं नंतरचं, पण जो माणूस जंतू घेऊन आलाय त्याला बाकावर बसायच्या आधी ओळखायचं कसं आणि ओळखल्यावर पुढच्या दहा मिनिटांत करायचं काय, हे लिहितेय. मोठ्या हॉस्पिटलात यासाठी कमिट्या असतात, त्यांच्यासाठी हे नाही. एक डॉक्टर, एक-दोन सिस्टर, एक मावशी आणि एक वेटिंग रूम एवढ्यावर चालणाऱ्या दवाखान्यासाठी आहे.

आधी एक गोष्ट क्लिअर करते. स्क्रीनिंग म्हणजे निदान नाही. दारावरच्या मावशीला टीबी ओळखायचा नाहीये, तिला फक्त "याला गर्दीत बसवू नका" एवढंच ठरवायचंय. दहा जणांना बाजूला काढलं आणि नऊ जणांना साधी सर्दी निघाली तरी काही बिघडत नाही.

कोणी विचारायचं आणि कुठे

केसपेपरच्या खिडकीवर, पैसे किंवा टोकन घ्यायच्या आधी. बीपी-वजन घेताना विचारू म्हटलं तर तोवर माणूस तासभर बसलेला असतो, आणि डॉक्टर विचारतीलच की म्हटलं तर तो वरचा किस्सा. जो कोणी पहिल्यांदा पेशंटचं तोंड बघतो त्यानेच विचारायचं, मग तो कंपाउंडर असो, मावशी असो की टोकन देणारा कॉलेजचा पोरगा. आमच्याकडे मावशीच विचारतात आणि खरं सांगू का, त्या माझ्यापेक्षा भारी विचारतात, कारण सिस्टरच्या ड्रेसला लोक दबतात आणि "काही नाही हो, थोडंसं" म्हणून मोकळे होतात.

मावशींचा पंधरा सेकंदांच्या वर वेळ जाता कामा नये, नाहीतर आठ दिवसांत बंद पडतं. म्हणून दारावर प्रश्न दोनच. खोकला आहे का, आणि ताप किंवा अंगावर पुरळ आहे का. दोन्हीला नाही म्हटलं की जा बसा. हो म्हटलं की बाजूला या, पुढचं सिस्टर विचारतील.

पुढचं काय विचारायचं

टीबीसाठी सरकारी कार्यक्रमात चार लक्षणं धरतात: दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, ताप, वजन कमी होणं, रात्री घाम येणं. बेडक्यात रक्त दिसलं तर विषयच संपला, लगेच तपासणी. हे सगळ्यांना पाठ असतं पण जसंच्या तसं विचारलं तर उत्तर मिळत नाही. "किती आठवडे खोकला आहे" म्हटलं की माणूस म्हणतो चार-पाच दिवस, कारण आजचा खोकला त्याला वेगळा वाटतो आणि आधीचा वेगळा. दिवस मोजायला लावू नका, सण विचारा. पोळ्याला होता का खोकला? गणपतीत आरतीला उभं राहिल्यावर यायचा का? मग म्हणतात "हो हो, तेव्हापासूनच आहे की". म्हणजे महिना झालेला असतो आणि आपण चार दिवस लिहिणार होतो.

वजनाचंही तसंच, घरात काटा कुणाकडे असतो. पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं का, ब्लाउज सैल झालाय का, बांगड्या कोपरापर्यंत जातात का असं विचारायचं. घामासाठी "रात्री उठून बनियन बदलावं लागतं का". आणि एक प्रश्न हमखास राहतो: घरात, शेजारी किंवा कामावर कुणी सहा महिन्यांच्या गोळ्या घेतल्यात का? टीबी हा शब्द नाही उच्चारला तरी चालतं, सहा महिन्यांच्या गोळ्या म्हटलं की सगळ्यांना कळतं.

दोन आठवड्यांचा नियम सगळ्यांना लागू नाही हे मात्र स्टाफला घोकून घ्या. एचआयव्ही असलेल्या माणसाला कितीही दिवसांचा खोकला असला तरी तो धरायचा, अगदी कालपासूनचा असला तरी. शुगर असेल तर टीबीचा धोका दोन ते तीन पट असतो म्हणून तिथेही कान टवकारायचे. दगडखाणीत किंवा क्रशरवर काम केलेला माणूस म्हणजे फुप्फुसात धूळ बसलेली, तोही तसाच. लहान मुलं खोकत नाहीत फारशी, त्यांचं वजन वाढत नाही, खेळायची बंद होतात, आणि घरातलं कुणीतरी मोठं माणूस खोकत असतं. म्हणून मुलाला घेऊन आलेल्या आजोबांनाही विचारा.

आणि ज्यांना काहीच लक्षण नाही त्यांचं काय? २०१९ ते २१ मधे देशभर टीबीचा मोठा सर्व्हे झाला, त्यात सापडलेल्या पेशंटपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त फक्त छातीच्या एक्स-रेमुळे सापडले, नुसत्या प्रश्नांनी ते सुटले असते. म्हणजे आपली दारावरची चाळणी मोठ्या भोकाची आहे हे मान्य करून चालायचं, आणि शुगरवाले, पेशंटच्या घरचे, खाणीतले यांना डॉक्टरांना सांगून एक्स-रेला पाठवायचं.

असं विचारा की माणूस खरं सांगेल

हा भाग मी मुद्दाम मोठा लिहितेय कारण सगळं इथे फसतं.

पुण्यात १८९७ च्या प्लेगमधे काय झालं ते शाळेत सगळ्यांनीच वाचलंय. गोरे सोल्जर घरात घुसून पेशंट शोधायचे, सामान रस्त्यावर फेकायचे, बायकांची अब्रू राहू द्यायचे नाहीत, पुढे २२ जूनला प्लेग कमिशनर रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. इतिहासाच्या तासाला आपण चापेकर बंधूंवर थांबतो, पण दवाखान्याच्या बाजूने बघितलं तर अजून एक गोष्ट दिसते: लोक पेशंट लपवायला लागले. शोधायची पद्धत अशी ठेवली की सापडण्यापेक्षा लपणं परवडायला लागलं. त्याच साथीत सावित्रीबाई फुले पेशंटना स्वतः आपल्या मुलाच्या, डॉक्टर यशवंतरावांच्या दवाखान्यात नेत होत्या, आणि त्यातच प्लेग होऊन १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. एकच शहर, एकच साथ, पण पेशंटपर्यंत पोचायच्या दोन पद्धती.

आपल्याकडे सोल्जर नाहीत पण खिडकीतून "ओ काका, टीबी आहे का तुम्हाला?" असं पन्नास लोकांसमोर ओरडणारा कंपाउंडर मी पाहिलाय. ते काका परत आले नाहीत. दुसऱ्या डॉक्टरकडे गेले असतील आणि तिथे खोकला लपवला असेल. लग्नाची मुलगी असेल, नवी सून असेल तर विचारूच नका, तिच्यासोबत सासू उभी असताना ती रक्त पडतं असं कधीच सांगणार नाही. तिला वजन घ्यायच्या निमित्ताने आत न्या आणि एकटीला विचारा.

आमचं वाक्य ठरलेलं आहे, मावशी सगळ्यांना तेच म्हणतात: "खोकला आहे ना, मग हा मास्क लावा आणि बाहेर व्हरांड्यात बसा, तुमचा नंबर लवकर लावते." यात आजाराचं नाव नाही, आणि लवकर नंबर लागणार म्हटल्यावर लोक खोकला लपवत नाहीत, उलट एक-दोन जण खोटंच खोकतात! चालतंय, तेवढे बहाद्दर सहन करायचे.

केसपेपरवर लाल पेनने "टीबी?" लिहू नका, पेपर सगळ्यांच्या हातातून फिरतो. कोपऱ्यात छोटी खूण करा, आम्ही निळा ठिपका करतो, आपल्या आपल्याला कळली म्हणजे झालं.

मास्क, जागा आणि उदबत्ती

इथे कायम गोंधळ होतो. खोकणाऱ्याला साधा सर्जिकल मास्क, तो त्याचे थेंब अडवतो. स्टाफला एन-९५, कारण त्यांना आत येणारी हवा गाळायचीय. पेशंटला एन-९५ द्यायची गरज नाही, आधीच दम लागलेल्या माणसाला त्यात गुदमरायला होतं. आणि एन-९५ चेहऱ्याला घट्ट बसला नाही तर त्याचा काही उपयोग नाही, भरगच्च दाढीवर तो बसतच नाही. मास्क नसेल तर रुमाल, पदर, कोपरात खोकणं, काहीही चालेल पण काहीतरी पाहिजे.

जागेचं मात्र मास्कपेक्षा महत्त्व जास्त. टीबीचे जंतू बारीक कणांवर बसून बंद खोलीत तासनतास तरंगतात, माणूस उठून गेला तरी हवा तिथेच असते. तुमच्याकडे व्हरांडा असेल, पत्र्याची शेड असेल, झाडाखाली बाक टाकता येत असेल तर तेच सगळ्यात भारी वेटिंग. पेरूमधल्या लिमा शहरातल्या हॉस्पिटलांचा एक अभ्यास २००७ मधे आला होता, त्यात खिडक्या-दारं उघडल्यावर खोलीतली हवा तासाला साधारण २८ वेळा बदलत होती, आणि उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारती नव्या इमारतींपेक्षा सरस ठरल्या होत्या. आणि आपण जुना दवाखाना पाडून काचा लावतो आणि स्प्लिट एसी बसवतो. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, तीच तीच हवा गार करून फिरवतो, हे लक्षात ठेवा.

तुमच्या खोलीत हवा कशी फिरते ते बघायला मशीन लागत नाही, उदबत्ती लावा. पेशंटच्या खुर्चीजवळ धरा आणि धूर कुठे जातो बघा. डॉक्टरांच्या तोंडावर येत असेल तर टेबल फिरवा. ताजी हवा डॉक्टरांच्या पाठीमागून यावी, पेशंटवरून जावी आणि खिडकीतून बाहेर पडावी. टेबल फॅन असेल तर त्याचं तोंड खिडकीकडे. आम्ही हे केलं तेव्हा कळलं की आमच्या व्हरांड्यातली हवा थेट लसीकरणाच्या खोलीत येत होती, बाक दुसऱ्या टोकाला हलवायला पाच मिनिटं लागली.

रांगेत पुढे घ्या

बाजूला बसवून विसरून जाणं हा अजून एक प्रकार. व्हरांड्यातल्या माणसाला आत कुणी बोलवतच नाही, शेवटी तो उठून आत येऊन बसतो, झालं. ठिपकावाल्याला पुढच्या दोन-तीन नंबरात आत घ्यायचंच. बाकीचे भांडतात, "आम्ही सकाळपासून बसलोय" वगैरे. त्यांना मी सांगते की दादा, तो जितका लवकर घरी जाईल तितकं तुमच्या पोरांना बरं. मुकाट बसतात.

थुंकीचा नमुना

पाठवायचं ठरलं तर डबी देऊन "थुंकी आणा" म्हणू नका, लाळ आणतात. सांगायचं असं: आधी साध्या पाण्याने चूळ भरा, दोन-तीनदा खोल श्वास घ्या आणि मग छातीतून खाकरून बेडका काढा, दोन ते पाच मिली पुरतो. पहिला नमुना तिथल्या तिथे, दुसरा सकाळी उठल्या उठल्याचा. आणि हे उघड्यावर, लोकांपासून लांब, इमारतीच्या मागे वगैरे करायचं. संडासात पाठवू नका, ती बंद जागा, त्याच्यानंतर जो जाईल त्याला प्रसाद. सिस्टरनेही समोर उभं राहायचं नाही, वारा कुठून येतोय बघून मागे उभं राहायचं.

तपासणी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट मशीनवर होते, सरकारी केंद्रात फुकट. ट्रूनॅट गोव्यातल्या कंपनीचं, बॅटरीवर चालतं म्हणून लाइट नसलेल्या ठिकाणीही जमतं. काही तासांत टीबी आहे का आणि रिफाम्पिसिन हे मेन औषध लागू पडेल का दोन्ही कळतं.

डॉक्टर मंडळींना हात जोडून एक सांगणं आहे, लहान तोंडी मोठा घास म्हणा हवं तर. रिपोर्ट यायच्या आधी खोकल्याला लिव्होफ्लॉक्सासिनसारख्या अँटिबायोटिक गोळ्या लिहू नका. त्या टीबीलाही अर्धवट लागू पडतात, पेशंटला आठ दिवस बरं वाटतं, आणि निदान पुढे ढकललं जातं, तोवर घरातल्या अजून दोघांना लागण.

पॉझिटिव्ह आला की कळवणं सक्तीचं आहे, खासगी दवाखान्यालाही. २०१२ पासून टीबी नोटिफाय करायचा नियम आहे आणि २०१८ च्या आदेशात लॅब आणि मेडिकलवालेही आले. निक्षय या टीबीच्या सरकारी पोर्टलवर नोंद होते. पेशंटला पोषणासाठी महिन्याला पैसे मिळतात, आधी ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. थेट बँकेत येतात, म्हणून पासबुकची झेरॉक्स पहिल्याच दिवशी घ्या.

घरच्यांना काय सांगायचं? ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही, टीबी भांड्यातून पसरत नाही, हवेतून पसरतो. खिडकी उघडी ठेवा, पहिले काही आठवडे मास्क, औषध चुकवू नका. बहुतेकांचं पसरणं औषध लागू पडलं की दोनेक आठवड्यांत खूपच कमी होतं. गाठीचा किंवा हाडाचा टीबी असेल आणि फुप्फुस साफ असेल तर तो पसरतच नाही, उगाच पोरीला माहेरी पाठवू नका.

बाकीचे पाहुणे

ताप आणि पुरळ असलेलं मूल म्हणजे गोवर समजूनच वागा. गोवर टीबीपेक्षा कितीतरी जास्त पसरतो, पेशंट गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत राहतो, आणि पुरळ यायच्या आधी चार दिवसांपासून नंतर चार दिवसांपर्यंत पसरवतो. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीसारख्या भागात साथ आली तेव्हा लस राहिलेली मुलंच जास्त सापडली. अशा मुलाला वेटिंगमधे घेऊच नका, आईला बाहेरच थांबवा, डॉक्टरांना बाहेर जाऊन बघू दे, जमलं तर शेवटचा पेशंट म्हणून आत घ्या आणि नंतर खोली दोन तास रिकामी उघडी ठेवा. व्हिटॅमिन ए चा रोज एक डोस असे दोन दिवस, आणि पीएचसीला म्हणजे सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन. कांजिण्यांनाही असंच वेगळं ठेवायचं, सगळ्या खपल्या धरेपर्यंत.

सर्दी-ताप-घसा यासाठी २००९ च्या स्वाइन फ्लूची शिकवण आहे. तेव्हा पुण्यात नायडू हॉस्पिटलसमोर रांगाच रांगा लागल्या होत्या, साधी सर्दीवाला आणि खरा फ्लूवाला एकाच रांगेत. त्यानंतर ए, बी, सी अशी वर्गवारी आली. ए म्हणजे सौम्य, टेस्ट नाही, टॅमीफ्लू हे फ्लूचं औषध नाही, घरी जा आणि एक-दोन दिवसांत परत दाखवा. बी म्हणजे जोरात ताप, किंवा गरोदर, म्हातारी, शुगर-दमावाली माणसं. सी म्हणजे दम लागतोय, छातीत दुखतंय, ग्लानी आहे, नखं निळी पडलीत, थेट अॅडमिट. दारावरच्या माणसाला फक्त सी ओळखता आला तरी बास.

जुलाबवाल्याला हवेचा प्रश्न नाही, हाताचा आणि संडासाचा आहे. वेगळा संडास, ओआरएस लगेच, आणि साबणाने हात धुवायचे, नुसत्या सॅनिटायझरवर भागवू नका. फरशीला ब्लीचिंग पावडर लिटरला साधारण ३० ग्रॅम, रोज ताजं कालवायचं. डेंग्यूचा पेशंट शेजारी बसला तर काही होत नाही, त्याला मच्छरदाणी द्या, बाजूला काढू नका.

एचआयव्ही आणि कावीळ बी यांना मात्र दारावर चाळायचंच नसतं. ग्लोव्हज, सुई, कचरा यांची काळजी प्रत्येक पेशंटला सारखीच घ्यायची. ऑपरेशनआधी टेस्ट करून एचआयव्ही पॉझिटिव्ह निघाला की "दुसरीकडे जा" म्हणायला २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने मनाई आहे.

आपण स्वतः

स्टाफमधे कुणी दोन आठवडे खोकतंय का हे कुणीच विचारत नाही. "सीझन बदलतोय" म्हणून मीच एकदा तीन आठवडे खोकत काम केलं, मावशींनी हाताला धरून एक्स-रेला नेलं. काही निघालं नाही सुदैवाने. महिन्यातून एकदा सगळ्यांचं वजन रजिस्टरमधे लिहा, डॉक्टरांचंसुद्धा.

रजिस्टरचा अजून एक उपयोग. दारावर ठिपका किती वाजता पडला आणि पेशंट बाहेर किती वाजता गेला, एवढे दोन आकडे लिहा. अर्ध्या तासाच्या वर जात असेल तर कुठे अडकतोय ते लगेच दिसतं. आमच्याकडे इंजेक्शन रूममधे अडकायचा.

आणि मोबाइल नंबर दोन घ्या, एक त्याचा, एक शेजाऱ्याचा किंवा किराणावाल्याचा. ऊसतोडीचा माणूस असेल तर मुकादमाचाही घ्या, पण त्याला फोन केलात तर आजार सांगू नका, नुसतं "दवाखान्यात बोलावलंय" म्हणा. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की टोळी रातोरात बीडला परत जाते आणि गोळ्या अर्ध्यावर राहतात. निक्षयवर पेशंट दुसऱ्या जिल्ह्यात ट्रान्सफर करता येतो, फक्त तो निघायच्या आधी गावाचं, तालुक्याचं नाव लिहून घेतलेलं पाहिजे. आम्ही ते पहिल्याच दिवशी घेतो, पासबुकच्या झेरॉक्सच्या मागच्या बाजूला.